रंग : मिश्र

वेर्णेकरांनी पुडी सोडली
आणि दोन खडे मखमलीवर नाही, माझ्या तळहातावर ठेवले.
डिझेलचा वास लागेल म्हटलं, तर म्हणाले,
"खड्याक नाक नसता."
एक तुरीच्या दाण्याएवढा, यंत्रात बनवलेला, स्वच्छ.
दुसरा मसुराएवढा, जमिनीतून आलेला,
पोटात केसाएवढी रेघ.

"भायर चला, उजवाडात बघा."
वेंगुर्ल्याच्या बाजारात साडेअकराचं ऊन,
पायरीवर आम्ही तिघं.
कुंदा म्हणाली, हिरवा. अगं बाई, किती हिरवा.
आत येऊन त्यांनी दार लोटलं, ट्यूब बंद केली,
"ह्या नळीखाली खडो खोटा बोलता,"
आणि देवाची माफी मागून निरांजन उचलून आणलं.
कुंदा म्हणाली, लाल.
दुकानातला पोरगा टाचा उंचावून म्हणाला, लाल!
माझ्या तळहातावर
तेच दोन खडे होते.

लहानपणी मला रातांब्यावर चढू देत नसत,
कच्चे काढतो म्हणून.
आई म्हणायची, डोळे आहेत की कवड्या.
एकोणिसाव्या वर्षी, आगबोटीवरच्या नोकरीसाठी,
मुंबईत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
ज्या पानावर सगळ्यांना चौऱ्याहत्तर दिसतात
तिथे मला एकवीस दिसले.
मी ते खणखणीत वाचले.
डावा दिवा लाल, उजवा हिरवा, हे पाठ होतं मला.
पाठ असून भागत नाही, म्हणाले,
समोरून बोट येते तेव्हा
तिची डावी बाजू तुझ्या उजवीकडे असते.

तेव्हापासून बंदरावर इंजिनं उघडतो.
वायरींना गाठी मारून ठेवतो,
एकीला एक, दुसरीला दोन.

कुंदाला हे सगळं माहीत आहे.
तरी हाच खडा तिने मागितला.
बेचाळिसाव्या वर्षी लग्न करायचं
तर एकरंगी कशाला, म्हणाली.
निवडायचा मात्र मी.
पैसे माझे, बोट तिचं.

पुन्हा पायरी, पुन्हा निरांजन.
मी खड्यांकडे बघणं सोडलं
आणि तिच्याकडे बघू लागलो.
मोठ्याला ती दोन्ही वेळा "अय्या" म्हणाली,
जत्रेतल्या पाळण्याला म्हणावं तशी.
मसुराला काहीच म्हणाली नाही.
उन्हात घेतलेला श्वास
निरांजनापाशी येईपर्यंत सोडायचाच विसरली.
"हा," मी म्हटलं.
"तुका कसा कळला?" वेर्णेकर.
रेघ आवडली, म्हटलं.

पावतीवर एक रकाना होता, रंग.
पेन थबकलं. दिवसाचा लिहायचा की रात्रीचा?
"ह्याला दिसतो तो लिहा," कुंदा म्हणाली.
मग मी खडा चिमटीत धरला, नीट बघितला,
त्या दिवसात पहिल्यांदाच.
भिजलेल्या काथ्याचा, म्हणालो.
नांगर वर ओढताना हाताला येतो
तो दोर असतो ना, तसा.
वेर्णेकर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.
लिहिलं मात्र मिश्र.

शनिवारी अंगठी घडवून मिळाली.
संध्याकाळी धक्क्यावर बसलो.
एक होडी दिवे लावून आत येत होती,
दोन दिवे, मला दोन्ही मचूळ.
मागे चहावाल्याने पिवळा बल्ब लावला.
कुंदाचा हात तिच्या गुडघ्यावर होता.
कोणी काही विचारलं नव्हतं.
"आता," ती म्हणाली.
बरं, मी म्हटलं.
होडीने दोर फेकला, कोणीतरी तो झेलला.
मग बल्ब गेला, आभाळात थोडा उजेड होता अजून.
"परत," ती म्हणाली.