दोन किलो नऊशे

लिफ्ट दुरुस्त करतो मी. वजनातलं मला कळतं.
सहा माणसं, साडेचारशे किलो,
ही पाटी रोज कुठल्यातरी जिन्याशेजारी वाचतो.
पण दुकानातल्या पोरीनं दोन लॅपटॉप समोर मांडले
आणि लोरेन्सोनं माझ्याकडे पाहिलं,
तेव्हा हाताला अंदाज येईना.

पहिला किलोहून जरासा जास्त.
वहीसारखा. चिमटीत उचलला त्यानं.
दुसरा दोन किलो नऊशे,
शिवाय चार्जर, तो विटेएवढा.
"हा काहीही ओढेल," ती म्हणाली,
"तुझा पक्षी यावर उडेल."

पक्षी म्हणजे सीगल.
आठ महिने हा एकच सीगल बनवतोय.
पंखातलं पीस न् पीस वेगळं हलायला हवं त्याला,
आणि घरच्या जुन्या मशीनवर एक फडफड
रात्रभर शिजत राहते.
सकाळी उठून पाहावं तर
तीन सेकंद.

चौदा वर्षांचा आहे.
सोमवारपासून आईकडे, पोर्तोत.
शुक्रवारी संध्याकाळी पुलावरून चालत
नदीच्या अलीकडे, गायाच्या चढावर, माझ्याकडे.
रविवारी रात्री परत.
दप्तरात ब्रश नसतो, तो दोन्हीकडे आहे.
चपला दोन्हीकडे. उशी दोन्हीकडे.
दोन्हीकडे घेता येत नाही असं जे जे,
ते त्याच्या पाठीवर.

आता खरं सांगतो.
मी म्हणालो, जडच घे.
पैशांचं बघू, हप्ते पाडू.
आणि म्हणताना पोटात हिशोब वेगळाच:
एवढं धूड पुलावरून कोण वाहणार?
राहील माझ्या टेबलावर, खिडकीपाशी.
मशीन जिथं, पोरगं तिथं.
आधी एखादा बुधवार,
मग परीक्षेनंतरचा आख्खा आठवडा...

तेवढ्यात ग्रासाचा फोन.
"हलका घेऊन दे हं आमादेऊ. त्याची पाठ बघ जरा."
पाठीचं खरंच होतं.
पण तिचाही हिशोब मला ऐकू आला.
इतकी वर्षं संसार केल्यावर
तेवढं ऐकू येतंच.

लोरेन्सोनं कुणालाच काही विचारलं नाही.
जडवाला दप्तरात घातला, चार्जरसकट,
आणि दुकानाचा जिना चढला.
उतरला. पुन्हा चढला.
पोरगी बघत राहिली, गल्ल्यावरचा माणूसही.
तिसऱ्यांदा उतरला तेव्हा
कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.
"जमेल," म्हणाला.
"पुलाला अकराच मिनिटं लागतात."

म्हणजे त्यानं मोजली होती.
मला कुणी विचारलं असतं
तर मी पाच म्हणालो असतो.

रविवारी वारा होता.
दाराशी त्यानं दप्तर पाठीला लावलं,
किंचित पुढे झुकला, लिफ्टमध्ये
सातवा माणूस शिरल्यावर तारा झुकतात तसा.
मी काढून घेतलं ते.
"बाबा, तू येणार?"
कोट शोधत होतो, उत्तर दिलं नाही.

मेट्रो गेली की कठडा थरथरतो, हे मला माहीत नव्हतं.
खाली नदी, दारूची पिंपं लादलेल्या
शोभेच्या होड्या, कॅमेरे रोखलेली माणसं.
पोरगं रिकाम्या खांद्यांनी पुढे पुढे,
मान वर:
"ते बघ, वळताना आधी शेपूट वळते. माझ्यात चुकलंय."
माझा खांदा भरून आला होता.
सातवं मिनिट असावं.

समोरून ग्रासा येत होती.
घरातलाच स्वेटर, केस वाऱ्यावर.
तीही दप्तर घ्यायलाच निघाली असणार,
काल फोनवर त्यानं वजन सांगितलं होतं तिला.
दोन वर्षं आम्ही बोलतो ते
फी, ताप, दंतवैद्य.
मी पट्टा पुढे केला. तिनं धरला.
मला सोडायला उशीर झाला थोडा.

"केवढं जड आहे हे."
"दोन किलो नऊशे."
"आणि चार्जर?"
"पुढच्या कप्प्यात."