रिकामं वजन

इब्रीच्या बाजारात, टायरवाल्याच्या पलीकडे
लियाकत मुकादमचं गॅसचं दुकान.
बाहेर जाळीचा पिंजरा, पिंजऱ्यात सिलिंडर उभे,
उशिरा आलेल्या पोरांना वर्गाबाहेर ठेवावं तसे.
"मी हर्णैचा," आमचं मराठी कानावर पडताच तो म्हणाला
आणि दोन स्टुलं फडक्याने पुसली.

श्रीनिवासने खिशातून कागद काढला.
एकतीस वर्षं त्याने पाइपलाइनवर
दुसऱ्यांचा गॅस मोजला,
स्वतःसाठी आज पहिल्यांदा.
कॅरॅव्हॅनची उजवी पेटी: उंची अठ्ठावन्न, रुंदी तेहतीस.
बारा रात्री. वीज नाही, नळ नाही, शेजार नाही.
फ्रिज गॅसवर चालवायचा की नाही
यावरून आठवडाभर आमचा अबोला होता.

"अकरा किलोचा एकच घ्या, वयनी."
"आणि तो रात्री दोनला संपला तर?"
"मग पाचाचे दोन."
"पाच म्हणजे किती?"
"पाच म्हणजे पाच किलो."
"तसं नाही हो. किती चहा?"

लियाकतने पंख्याकडे बघितलं.
इथले लोक अख्खा बोकड शिजवायला नेतात,
सुट्टीवर आलेले गोरे मासे भाजायला;
चहात कुणी मोजून मागितलं नव्हतं.
त्याची बोटं एकदा मोजून झाली, पुन्हा सुरू झाली.
"आल्याचा, की साधा?"

मग त्याने एक सिलिंडर काट्याला टांगला.
"रिकाम्याचं वजन वर कॉलरवर कोरलेलं असतं.
ते वजा करा. उरेल तो गॅस."
मी चष्मा लावून वाचलं: सात पूर्णांक दोन.
इतकं तर रिकामं असतानाच.
मला आमचा सोहारचा फ्लॅट आठवला,
अर्धं सामान खोक्यांत गेलेला,
तरी उचलवत नाही असा.

आतल्या खोलीतून त्याने दुसरा आणला,
फायबरचा, दुधी काचेसारखा, हाताला हलका.
"हा उजेडासमोर धरा,
आत किती उरलाय ते दिसतं."
श्रीनिवासने त्यावर हात ठेवला. काढून घेतला.
"लोखंडीच बरा."

मला कारण ठाऊक होतं.
जानेवारीत त्याचं रेसिडेन्स कार्ड संपतंय.
आमच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर
ऑक्टोबरवर थांबलंय, आणि पान उलटायला
मी त्याला सांगितलेलं नाही.
पण मला दिसायला हवं असतं.
डब्यातली डाळ, टाकीतलं पाणी,
जे काही संपणार आहे ते.

"एक हा द्या, एक तो," मी म्हणाले.
"दोघांचे रेग्युलेटर वेगळे, वयनी.
ह्याचा त्याला बसत नाही."
"मग दोन रेग्युलेटर द्या."
लियाकत हसला. साबणाचं पाणी करून
प्रत्येक सांध्याला ब्रशने लावलं.
आम्ही तिघं वाकून बघत राहिलो.
बुडबुडा आला नाही.

जबल शम्सवर सातवी रात्र.
फ्रिज बंदच ठेवला होता; दही कधीच आंबलं.
थंडी अशी की लोखंडी सिलिंडर गप्प झाला,
काडीवर काडी ओढली, शेगडी नुसती फुसफुसली.
"आत भरपूर आहे," श्रीनिवास त्याच्यावर टकटक करत म्हणाला,
"पण वर येत नाही. थंडीने बसून राहतो."
मी काही बोलले नाही.
त्याने फायबरचा जोडला. ज्योत निळी लागली.
मी पातेलं ठेवलं.

तो मात्र बाहेरच.
दाराच्या फटीतून पाहिलं: गुडघ्यावर बसून
सिलिंडरमागे टॉर्च धरलेला.
आत एक रेघ, पाण्यासारखी, जराशी हलणारी.
बराच वेळ तो तिच्याकडे बघत होता.
"ये," म्हणाला, "दिसतंय."
मी शाल घेऊन गेले.
"किती?"
"तेरा. चौदा, फार तर."
"आल्याचे, की साधे?"
"आलं परवाच संपलं," तो म्हणाला,
आणि टॉर्च तसाच धरून ठेवला.