तक्ता क्रमांक सात

खानापूर तहसील कचेरी, खिडकी तीन.
मी घड्याळ लावून बसलेली.
अर्ज आत गेला: दहा बावीस.

यल्लूबाई गुरव कानडी फॉर्म
उलटा धरून उभ्या.
ईरण्णा कारकुनानं तो सुलटा केला,
स्वतःचं पेन काढलं,
"बापाचं नाव सांगा की, मावशी,"
आणि लिहीत गेला, तिचं मराठी
त्याच्या अक्षरात.

मागची रांग कुरकुरली.
एकोणीस मिनिटं.
माझ्या तक्त्यात याला
विलंब म्हणतात.

बाहेर पायरीवर मी विचारलं,
सेवेबद्दल समाधानी? एक ते पाच, आकडा सांगा.
त्या म्हणाल्या,
"त्याची बदली करू नका म्हणावं."

धारवाडला सर विचारतात,
हे कुठल्या रकान्यात बसवणार?

खोडरबर हातात आहे.
'विलंब' अर्धा पुसलाय.