कळणा, पिल्लू क्रमांक चार

तिसऱ्या दिवशी डोळे मिटलेलेच होते.
मी त्याला गार ओल्या फडक्यावर ठेवलं, पाच सेकंद,
मग तळहातावर उताणं, पाच सेकंद,
आणि वहीत लिहिलं: कुरकुरलं. थांबलं.
रंग ज्वारीत उडीद दळल्यासारखा,
म्हणून कळणा.
वहीत मात्र चार.
झांबरेबाई नाव लिहू देत नाहीत,
म्हणतात, नाव आलं की आकडे लाडावतात.

सातव्या आठवड्यात त्याच्यामागे स्टीलचं झाकण टाकलं.
दचकण्याचे गुण कापत नाहीत.
गुण आहेत ते परत येण्याला:
शेपटी अजून खाली, पण नाक झाकणाकडे
आणि एक पाय पुढे.
कळण्याला नऊ सेकंद लागले,
त्याच्या बहिणीला अडीच मिनिटं.
ती आता तेलघाण्यावर राखण करते,
ढेपेच्या पोत्यांवर झोपते,
आणि मला विचाराल तर सगळ्यांत सुखी तीच.
मी बारावीला नापास झाले त्या जूनमध्ये
घड्याळ घेऊन कोणी बसलं नव्हतं घरात.

लाळेसाठी कापसाचा बोळा, गालात, एक मिनिट.
आपल्याच शिवारातला कापूस
पिल्लाच्या तोंडातली भीती शोषून घेतो,
बर्फाच्या डब्यातून पुण्याला जातो,
आणि पंधरा दिवसांनी कागदावर येतं
की आठवडी बाजारात चार नंबर घाबरला होता.
मला तेव्हाच ठाऊक होतं, कान पाहिले होते मी.
बाई म्हणाल्या, ठाऊक असणं आणि मोजलेलं असणं
यांत पंधरा दिवस असतात,
आपल्याला पगार त्या पंधरा दिवसांचा मिळतो.

मे महिन्यात अमळनेरच्या डांबरावर
हाताची पालथी बाजू टेकवायची, सात सेकंद.
पाचव्यालाच हात उचलला तर फिरणं रद्द.
म्हणून आम्ही पहाटे चारला, बोरीच्या पुलावर.
दूधवाला सायकल थांबवून विचारायचा,
"कथा चालनी व माय, येले लीसन?"
"साळामा," मी सांगायचे.

बसणं सोपं. थांबणं सोपं.
चल म्हटल्यावर चालणं चार शेंगदाण्यांत येतं.
अवघड ते शेवटचं,
चल म्हटल्यावर न चालणं.
आधी वर्षभर ऐकायला शिकवायचं,
मग त्या ऐकण्याच्या पोटात
एवढीशी जागा राखायची 'नाही'साठी.
बाईंनी फळ्यावर त्याचा आलेख काढला
तेव्हा खोलीत आम्ही चौघी होतो.
वैजयंता पेनचं टोपण चावत राहिली.
प्रश्न कोणीच विचारला नाही.

इच्छारामतात्यांची नजर जाऊन एकवीस वर्षं झाली.
टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते,
अजून माणसाच्या आवाजावरून तालुका सांगतात.
पोस्टासमोर गटाराचं झाकण कोणी काढून नेलेलं.
तात्या म्हणाले, चल.
कळणा उभा.
चल रे.
कळणा आडवा झाला, त्यांच्या गुडघ्यांना अंग लावून.
"चाल ना रे बैताडा!"
मी दहा पावलं मागे, नियमाप्रमाणे गप्प,
घड्याळ सुरू करायचं राहूनच गेलं.
तात्यांनी काठी पुढे केली.
काठी खाली गेली, अजून खाली,
टोक कशालाच लागलं नाही.

तिथेच उकिडवे बसले ते, भर रस्त्यात,
मागे रिक्षा हॉर्न मारतेय,
आणि हे त्याच्या कानात काहीतरी सांगतायत.
मला ऐकू आलं नाही.
कळणा जांभई देत होता.
जांभई म्हणजे ताण, तेवढं मी टिपलं.

संध्याकाळी बाईंनी वही तपासली.
"नकार, किती सेकंद?" रकाना कोरा.
अंदाज लिही, म्हणाल्या, अहवाल उद्या जायचाय.
मी म्हटलं, नाही.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
किती वेळ, तेही वहीत नाही.