सभासद क्रमांक दोन

आम्ही तिघेच होतो, फोंड्याच्या बसस्टँडामागे,
पातळभाजी-पाव पुढ्यात आणि टेबल हलणारे.
पायाखाली मी एका परिपत्रकाची घडी सारली.
दुसरी प्रत फायलीत होती, म्हणूनच.

शंकर मास्तरांचे पेन्शन चौदा महिने अडलेले.
जन्मदाखल्यात पोर्तुगीज अमलातल्या कुणी
त्यांचे नाव एक्सपासून लिहिलेले,
सेवापुस्तिकेत ते एसपासून.
माणूस एकच, पण खात्याला ते पटेना.
मास्तर दर सोमवारी यायचे,
छत्री दाराशी टेकवून बाकावर बसायचे,
विचारायचे काहीच नाहीत.
विचारले असते तर निदान रागावता आले असते.

लुर्दीन मिरांडा, कुडचड्याच्या शाळेतली हेडक्लार्क,
तिच्या कपाटात असे चार शंकर निघाले
आणि दोन जन्मतारखांचा एक कायतान.
डिचोलीच्या सगुण गावसने खिशातून झेरॉक्स काढली,
घामाने मऊ झालेली:
अशीच एक केस कधीतरी, कुठेतरी सुटली होती.
तिच्यावरून आम्ही अर्ज बेतला.
अठराव्या दिवशी मास्तर मंगळवारी आले.

तेवढ्यावरून काही संघटना होत नाही.
पण लुर्दीन पाव मोडता मोडता म्हणाली होती,
"सगळ्यांचें आमी बरयतात. आमचें कोण बरयता?"

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वर्गणी वर्षाला दहा रुपये.
पहिल्या सभेला अकरा जण.
सांगेचे कामत आभारप्रदर्शनाला पोचले,
म्हणून आभार त्यांच्याकडूनच मानून घेतले.
मग नावावरून दोन सभा गेल्या:
कारकून म्हणायचे, की प्रशासक?
काणकोणचा उल्हास पागी उभा राहिला,
"मी टाइप करतो. प्रशासन हेडमास्तर करतात."
लुर्दीनने विचारले,
"तीस जणांची बढती, बाळंतपण, चौकशी, मरण
एका कपाटात आहे. चावी कुणाकडे?"
उल्हासने खिसा चाचपला.
नाव एका मताने मंजूर झाले.
एकमताने नव्हे. एका मताने.

पुढचे अहवालात आहेच.
अकराचे चाळीस, चाळीसचे एकशे त्रेसष्ट,
म्हापशाला रजा-नियमांचे शिबिर,
मडगावला संगणकाचे, ज्यात दुपारी वीज गेली
आणि सगुणने पाठ असलेली वेतननिश्चिती
खडूने फळ्यावर करून दाखवली.
यंदा पणजीला थंडगार सभागृह,
गळ्यात नावाच्या पट्ट्या.
पाहुणे मनुष्यबळावर तासभर बोलले.
मनुष्य मला ठाऊक होते, बाकावर बसलेले.
बळ त्यांच्यात फारसे नसायचे.

मी तक्रार करत नाही. आता शंकर चौदा महिने थांबत नाही,
वाळपईची रेश्मा म्हाळशेकर
दोन दिवसांत नाव दुरुस्त करून देते,
आणि मला न विचारता देते, हे विशेष.
फक्त पूर्वी पत्र उघडताच
अक्षरावरून कळायचे कुणाच्या शाळेत आज घाई आहे,
कुणाचा हात दुखतो आहे.
लुर्दीनचा हात मला तिच्याआधी कळला होता.
मी बोलले नाही.
रुजू तारखेत तिचा सात
एकासारखा दिसू लागला होता.

सभेची सुरुवात अजून हजेरीने होते.
एक, सगुण गावस. काठी टेकत, हजर.
दोन, लुर्दीन मिरांडा.
तिच्यापुढे पहिल्या वर्षी सगुणने लिहिले, "रजेवर",
नंतर ते कुणी खोडले नाही.

यंदा नोंदवही रेश्माच्या हाती होती.
नवी आहे, नियम पक्के.
पेन थांबवून तिने विचारले,
"रजेचा प्रकार लिहिलेला नाही. कुठली घालू?"

सगुणने माझ्याकडे पाहिले.
अर्जित, वैद्यकीय, असाधारण,
सगळे प्रकार मला तोंडपाठ.

"रकाना मोकळा ठेव," मी म्हटले,
"अर्ज आला की भरू."