तळाचा झेल

उद्यमनगरात, चौगुल्यांच्या फाउंड्रीमागच्या खोलीत
मी भट्टीच्या बोर्डासाठी एक भाषा लिहितेय.
छोटी आहे. शंभरेक शब्द.
आधी आकडे, क्रियापद शेवटी:
दोन तीन मिळव.
बाळेखान मिस्त्री म्हणाले, मग ही आपलीच की.

सगळं एका चळतीवर चालतं.
ठेवायचं वर, उचलायचं वरूनच,
गंगावेशीतल्या खानावळीत धुतलेली ताटं असतात तसं.

चूक झाली तर काय, इथं तीन आठवडे गेले.

पहिल्यांदा प्रत्येक शब्दाला बजावलं,
काम झालं की वर एक खूण ठेव.
शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे बिघाड.
खूण बघायचं कुणाच्या लक्षात राहिना.
पुढच्या शब्दानं ती तापमानातच मिळवली,
चौदाशे वीसचे चौदाशे एकवीस झाले
आणि कुणाला काही कळलं नाही.

मग लिहिलं: चूक दिसली की जागच्या जागी थांब.
मिस्त्री हसले.
"रस थांबतोय व्हय? लॅडलमध्येच गोठला
तर लॅडलसकट भंगारात."

आता दोन शब्द आहेत, फेक आणि झेल.
झेल आधी चळतीची उंची टिपून ठेवतो,
मग काम आत सोडतो.
खोल कुठंतरी, सातव्या शब्दाच्या पोटात
सेन्सरची वायर तुटते, फेक होते,
आणि मधलं सगळं अर्धवट टाकून
आपण पुन्हा त्याच उंचीवर उभे.

"आणि ताटात काय असतंय तवा?"

पाचाची पाच ताटं, एवढं सांगू शकते.
कुणी कशात हात घातला, काय उष्टं झालं,
ते नाही.

मिस्त्रींनी हातमोजा काढला, पुन्हा घातला.
"शिरोलीला साचा फुटला तवा
आम्ही नऊ जण वाळूत होतो.
शिट्टी झाली. पळत गेटाशी आलो.
मुकादमानं मोजलं, नऊ.
वहीत लिवलं, सगळे हजर.
त्यातला धोंडीराम परत कधी
भट्टीकडं तोंड करून उभारला न्हाई."

त्या रात्री माहितीपुस्तकात एक ओळ घातली:
झेलनंतर उंचीची हमी आहे, आकड्यांची नाही.
वरचे टाकून द्या. सेन्सर पुन्हा वाचा.

राहिला प्रश्न,
कुणीच झेललं नाही तर?
फेक एकेक शब्द ओलांडत येईल
चळत संपेपर्यंत.
तिथं, सगळ्यांच्या खाली, काय ठेवायचं?
मी लाल दिवा म्हटलं. भोंगा म्हटलं.

मिस्त्री मला भट्टीखाली घेऊन गेले.
तिथं एक खड्डा आहे, कोरड्या वाळूचा,
सगळा रस एकदम सोडावा लागला तर.
अकरा वर्षांत एकदाही लागलेला नाही.
ओल असली तर उडतंय, म्हणाले, पत्र्यासकट.

जुलै होता. राजाराम बंधारा पाण्याखाली.
त्यांनी वाकून, बाही सारून,
कोपरापर्यंत हात वाळूत घातला
रोज सुट्टीआधी घालतात तसा.
जरा थांबले.
मग आणखी खोल.