मीटर वाचणारा

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
मी कनेटिकटमधल्या त्या गल्लीत जातो,
घरांच्या मागे वाकून आकडे उतरवतो.

व्हर्ना टटल पूर्वी मागच्या पायरीवर बसून
ट्रम्पेट वाजवायची. वाईट वाजवायची.
माझ्या बुटाखाली तिचं टोमॅटोचं रोप आलं तेव्हा
तिनं अशी शिवी हासडली
की घरी जाऊन मी ती बायकोला ऐकवली,
आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मार्चमध्ये तिचा नवरा नव्या क्लबात जाऊ लागला.
मे महिन्यात टोमॅटोच्या जागी पेटुनिया.
जूनमध्ये ती दारात आली, इस्त्री केल्यासारखी,
म्हणाली, "किती उकडतंय ना! लिंबूसरबत घ्या."
माझ्या टोपीवरून पाणी निथळत होतं.
सकाळपासून पाऊस होता.

वही चाळली. त्या घराचे युनिट दुप्पट,
आणि सगळे रात्रीचे.
शेजारच्या लोइस प्रूइटचेही.
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले,
बिलं वेळेवर भरतात ना? मग झालं.

काल टटलनं फाटकाशी गाठलं.
"लग्न झालंय ना तुझं?"
खांद्यावर हात ठेवला,
खिशात एक कार्ड सरकवलं.

घरी इल्सा चिखलाच्या बुटांवरून ओरडली,
मग करपलेल्या बटाट्यांवरून,
मग माझ्या आईवरून, जी मरून नऊ वर्षं झाली.
मी ऐकत राहिलो.
एकही वाक्य पुन्हा आलं नाही.

कार्ड फाडणार होतो.
पाकिटात आहे अजून,
तिच्या फोटोच्या मागे.